हिल्काची गाडी भंगारात जात नाही

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला कुणी सांगायला नको. स्वस्तातली तर मी जन्मापासूनच आहे. ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथून माझ्यासारख्या गाड्या रांगेने बाहेर पडत. बसायला मऊ गाद्या नाहीत, दारात दिवा नाही, आणि पत्रा असा की अंगठ्याने जरा दाबला तरी पोचा पडावा. रंग गाजराचा. तो कुणी मागितला नव्हता. कारखान्यात उरला होता, म्हणून माझ्या वाट्याला आला.

फिनलंडच्या पूर्व भागात, जंगल आणि तळ्यांच्या मधे एका टेकडीवर लहानसं गाव आहे. तिथली हिल्का शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिचा नवरा ओन्नी लाकूडतोडीच्या कामावर होता. दोघं मला बघायला आली, तेव्हा ओन्नीने माझ्या दारावर बोटाने टकटक केलं.

"पत्रा पातळ आहे गं."

"बरंच की," हिल्का म्हणाली. "बर्फात रुतली तर ढकलायला हलकी."

अशी माझी पसंती झाली. कौतुक म्हणावं तर एवढंच. पण त्या भागातली माणसं मोजकं बोलतात, त्यामुळे मी ते पुष्कळ मानलं.

मी काय काय वाहिलं म्हणून सांगू? बटाट्यांची पोती, शाळेच्या वाटाण्याच्या सुपाची पातेली, शिकारीच्या दिवसांत रक्त ठिबकणारं एल्क हरणाचं मांस. त्यांचा मुलगा इल्पो शाळेत होता तेव्हा त्याच्या बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या माझ्या खिडकीतून बाहेर डोकावत. पुढे तो माझ्यावरच गाडी शिकला आणि पहिल्याच दिवशी त्याने मला शेजारच्या टपालपेटीवर घातलं. खाली उतरून त्याने आधी माझ्या नाकावरून हात फिरवला. आईकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

कडाक्याच्या थंडीत गावातल्या मोठ्या, देखण्या गाड्या सकाळी हूं की चूं करत नसत. मी मात्र चालू व्हायचे. खोकायचे, थरथरायचे, पण चालू व्हायचे. मग ओन्नी माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणायचा, "चांगली आहेस."

एका वसंतात, बर्फ वितळता वितळता ओन्नी गेला. त्या दुःखात कागदपत्रांचं सगळं इल्पोने पाहिलं. तो तेव्हा योएन्सू शहरात नोकरीला लागला होता. माझे कागदही त्याने आपल्या नावावर करून घेतले. हिल्काने त्याकडे लक्ष दिलं नाही. गाडी चालवायला किल्ली लागते, कागद कुठे लागतो, असं तिला वाटलं.

त्यानंतर माझी दुखणी सुरू झाली. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे बर्फ वितळतो. बर्फाबरोबर मीही वितळते. चाकांवरच्या पत्र्याला भोकं पडली. सायलेन्सर तारेने बांधला. हीटरची हवा फक्त चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर येऊ लागली. मागचं एक दार आतून उघडेना. खिडकीची काच खाली घसरायची, म्हणून हिल्काने तिथे लाकडाची पाचर ठोकली. माझ्या जातीच्या गाड्या बनायच्या केव्हाच बंद झाल्या होत्या. गावचा मेकॅनिक राउनो एकेका भागासाठी सगळीकडे फोन करत बसायचा.

"हिल्का, ही आता माझ्याकडे इतक्यांदा येते की हिला जेवायला वाढावं लागेल," तो म्हणायचा.

"वाढ की. तुझ्या कॉफीपेक्षा ती जुनं ऑइल आवडीने पिईल."

त्याच सुमारास गावातलं दुकान बंद पडलं. मग बसही बंद झाली. दुकान, औषधं, डॉक्टर, पोहण्याचा तलाव, सगळं दूरच्या तालुक्याच्या गावी. टेकडीवर उरली बहुतेक म्हातारी माणसं, आणि त्यांच्यात धड चालवणारी एकटी हिल्का. दर गुरुवारी हिल्का बाजाराला निघाली की तिची शेजारीण लेम्पी माझ्यात बसायची. लेम्पीचं शरीर भलं दांडगं आणि तोंड त्याहून दांडगं.

"अगं, तुझ्या गाडीला खालून भोक आहे. मला रस्ता दिसतोय!"

"मग बघत बस. काचेतून बघायला पैसे पडत नाहीत, तसे त्यातूनही पडत नाहीत."

मित्रांनो, लोक मला डबडं म्हणत होते, हे मला ठाऊक होतं. पण पूर्ण टेकडीचं पीठ, साखर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नातवंडांसाठीचे लोकरीचे गुंडे त्या डबड्यातूनच वर येत होते.

मग तपासणीचा दिवस आला. आमच्याकडे दरवर्षी गाडी तपासून घ्यावी लागते. केंद्रातल्या माणसाने माझ्याखाली उभं राहून दिवा धरला आणि दारांखालच्या लांब तुळईत पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. याच तुळईवर माझा सगळा भार असतो. त्याने मला नापास केलं. त्याचं चुकलं नाही.

राउनो म्हणाला, "तुळई नवी घालावी लागेल. पण अशी तुळई मिळायची कुठे? थांब, शोधतो." तोवर हिल्काने मला शेडमध्ये उभं केलं.

इल्पो त्या रविवारी आला. शेडच्या दारातच त्यांचं बोलणं झालं.

"आई, झालं आता. हिला जाऊ दे."

"आणि मी बाजाराला कशी जाऊ?"

"तू शहरात ये. माझ्या घराजवळ फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्ट आहे, खाली दुकान आहे."

"मला लिफ्ट कशाला? मी काय विहिरीत पडलेय?"

"आई, थट्टा नको. गाडी नाही तर हिवाळ्यात इथे राहता येणार नाही, हे तुलाही कळतं."

"म्हणूनच तर गाडी हवी."

जाताना इल्पोने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कळून चुकलं. त्याला माझ्याशी भांडण नव्हतं. आईला टेकडीवरून खाली आणायचं तर आधी मला खाली आणायला हवं, एवढा साधा हिशेब त्याने मांडला होता.

हिल्काची बहीण तिला दोन-चार दिवस कुओपिओ शहरात आपल्या घरी घेऊन गेली आणि इकडे मला न्यायला ट्रक आला. लेम्पीने खिडकीतून पाहिलं, पण तिला वाटलं मी राउनोकडेच चालले आहे. तिने मला हात केला. मी कुठे जात होते ते ट्रकवरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती पाटी लेम्पीच्या बाजूला नव्हती.

भंगाराच्या आवारात गाड्या एकावर एक रचलेल्या होत्या. पलीकडे ते यंत्र होतं. त्याच्या एका बाजूने गाडी आत जायची आणि दुसऱ्या बाजूने चौकोनी गठ्ठा बाहेर पडायचा. एका तरुण कामगाराने माझी बॅटरी काढली आणि मला रांगेत लावलं. घाबरले नाही म्हटलं तर खोटं होईल. पण त्याहून जास्त मला राग आला होता. मी दमले असते तर गोष्ट वेगळी. मी दमले नव्हते! मला फक्त एक तुळई हवी होती.

आणि आवाराच्या फाटकाशी लाकडाचा एक प्रचंड ट्रक थांबला. त्याच्या केबिनमधून, पाठीला पोतडी लावलेली, लोकरीची टोपी घातलेली माझी हिल्का खाली उतरली.

नंतर लेम्पीकडून ऐकलं ते असं. हिल्का घरी आली, शेड रिकामी पाहिली, इल्पोला फोन लावला. त्याने खरं ते सांगितलं. तिने फोन ठेवला, भंगारवाले आधी बॅटरी काढतात म्हणून राउनोकडून दुसरी उचलली, पोतडीत घातली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पहिला आला तो लाकडाचा ट्रक.

तरुण कामगार धावत आला. "आजी, आत यायला परवानगी नाही!"

"मी तुझी आजी नाही. माझी गाडी कुठे आहे?"

"ती गाजरी? तिचे कागद आलेत. मालक दुसरेच आहेत."

"कागदावर माझा मुलगा आहे. स्टिअरिंगवर मी आहे."

"अहो, पण मला तसं चालत नाही. मालकाने सांगितल्याशिवाय गाडी परत देता येत नाही."

"मग मालकाला बोलाव. मी बसते."

आणि ती बसली. माझं दार ओढून घेतलं, पोतडी मांडीवर ठेवली, आणि समोरच्या यंत्राकडे बघत बसून राहिली. कामगाराने विनवण्या केल्या. मग मुकादम आला. त्याने आवाज चढवला.

"बाई, थंडीने गोठाल! उतरा!"

"गोठले तर दोघींना एकदम आत घाला. तुमचं काम वाचेल."

मुकादमाने यंत्र बंद केलं. जाता जाता त्याने तिला कागदी पेल्यात कॉफी दिली. तिने ती घेतली, पण उतरली नाही.

इल्पो आला तेव्हा त्याच्या कोटाची बटणंही धड लागली नव्हती. तो माझ्या दुसऱ्या बाजूने आत येऊन बसला. काचेवर त्यांच्या श्वासाचं दव धरलं.

"मला न विचारता," हिल्का शेवटी म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारायचं नसतं होय?"

"आई, मला रोज वाटतं, फोन येईल. बर्फात कुठेतरी गाडी बंद पडली, तू आत आणि कुणी नाही आसपास... मी काय करायचं?"

"भीती वाटते ना? वाटू दे. मलाही वाटते. पण इल्पो, तुझी भीती घालवायला तू मला माझ्या घरातून काढायला निघालास. मी सबंध शाळेला जेवू घातलंय. मला माझा गुरुवार कुणाला मागावा लागू नये."

इल्पोने तोंड फिरवलं. मग त्याने बाहीने डोळे पुसले, आणि काचही.

"तुळईशिवाय ही रस्त्यावर आणता येणार नाही," तो हळूच म्हणाला. "ते तरी मान."

"ते मानते. आणि डोळे तपासून घेईन. आणि अंधार पडल्यावर चालवणार नाही. आणखी काही?"

"आपल्याकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, आई."

"मग सकाळी लवकर जाईन."

मित्रांनो, त्या आवारातच, कोपऱ्यातल्या राशीच्या तळाशी, माझ्याच जातीची एक निळी गाडी होती. तिचा पुढचा भाग चेंगरला होता. तिचे दिवे केव्हाच गेले होते, पण तिची एका बाजूची तुळई धडधाकट होती, कारण कुणीतरी तिला वर्षानुवर्षं तेल चोळलं होतं. मुकादमानेच ती दाखवली. इल्पोने कोट काढून माझ्यावर टाकला, बर्फात उताणा पडला आणि मुकादमाकडून घेतलेल्या करवतीने ती तुळई कापून काढली. त्याला सवय नव्हती. हात सोलले, शिव्या घातल्या, एकदा करवतीचं पातं मोडलं. हिल्का शेजारी उभी राहून दिवा धरत होती. तिने मदत केली नाही आणि त्याला थांबही म्हटलं नाही.

ती निळी गाडी कुणाची होती, तिच्यात कोण कोण बसलं असेल, मला माहीत नाही. पण आज मी तिच्या हाडावर उभी आहे. म्हणून मला कुणी डबडं म्हटलं की मी दोघींच्या वतीने रागावते.

मला ट्रकवर घालूनच राउनोकडे नेलं आणि त्याने वेल्डिंग केलं. तुळई निळीच ठेवली. रंग द्यायला हिल्का तयार झाली नाही. तपासणी केंद्रात तोच माणूस, तोच पेचकस. त्याने खुपसला. टण्ण आवाज आला. त्याने पुन्हा खुपसला. पुन्हा टण्ण. त्याने भुवया उंचावल्या आणि मला पास केलं. मागच्या दाराबद्दल मात्र ताकीद दिली. ती बरोबरच होती. ते दार राउनोने दुरुस्त केलं. दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा बिघडलं. जुन्या गाडीचं असंच असतं. एक दुखणं बरं झालं की दुसरं वाट बघत असतं. हिल्का वैतागते, मला लाथ मारते, मग माझ्या चाकांजवळचं मीठ कोमट पाण्याने धुऊन काढते. इल्पो महिन्यातून एकदा येतो आणि माझ्याखाली शिरून तेल चोळतो. माझे कागद आता हिल्काच्या नावावर आहेत.

मी कायम टिकणार नाही, हे मला कळतं. एक दिवस माझीही एखादी तुळई दुसऱ्या कुणाला लागेल. लागली तर खुशाल घ्या. पण मित्रांनो, ज्याला तुम्ही जुनं म्हणता, त्याला बाहेर काढण्याआधी एकदा खाली वाकून बघा, नेमकं काय गंजलंय. बहुतेक वेळा सगळं गंजलेलं नसतं. आणि ते ज्याचं आहे, त्याला विचारा. तुम्हाला काळजी आहे म्हणून विचारायचं राहून गेलं, हे कारण चालत नाही.

असो. आज गुरुवार आहे. लेम्पी मागे बसून ओरडते आहे की तिच्या पायांना वारा लागतोय. हिल्काने दुसरा गिअर टाकला आहे. मागे एक चकचकीत गाडी हॉर्न वाजवते आहे. वाजवू दे. चढ मोठा आहे, आणि मी चढते आहे.