शालूच्या टाचेची भेग

मित्रांनो, मी प्रिंटर आहे, पण कागदाचा नाही. माझ्या पोटात मधासारखा दाट, राखाडी रस असतो. त्याला रेझिन म्हणतात. खालून माझा प्रकाश पडला की हा रस कडक होतो. मी एक पातळ थर कडक करतो, तो जरा वर उचलतो आणि त्याखाली दुसरा थर धरतो. असे हजारो थर जोडून मी माणसं घडवतो. ती माझ्यात उलटी लटकलेली असतात, पाय वर आणि डोकं खाली. विहिरीतून बादली यावी तशी ती सावकाश रसातून वर येतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. खोक्यात बसून मी डोंबिवलीला दिपेशच्या घरी आलो. त्याने मला स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत ठेवलं. माझ्या रसाला उग्र वास येतो. दिपेशची आई, भावनाताई, आठ दिवसांतच म्हणाल्या, "दिपेश, या गॅलरीत एक तर हा डबा राहील, नाहीतर माझं लोणचं."

लोणचं राहिलं. मी मानपाडा रोडवरच्या एका गाळ्यात आलो.

ते माझे चांगले दिवस होते. मी सैनिक केले, घोडेस्वार केले. हौशी माणसं भिंग लावून त्यांच्या पट्ट्याचं बक्कल पाहायची आणि खूश व्हायची. ठाण्याच्या एका बिल्डरच्या ऑफिसातल्या इमारतीच्या मॉडेलसाठी मी तांदळाएवढी माणसं केली. तीनशे माणसं एका दिवसात. दिपेश माझी काच रोज मऊ फडक्याने पुसायचा.

मग माझ्याहून मोठं यंत्र आलं. मला कोपऱ्यात सरकवलं आणि वर जुनी चादर टाकली. माझ्या पडद्यावर एक बारीक काळी रेघ आली होती. मला रोज वाटायचं, आज मला भंगारात देतील.

अशात नाथाबाबा आले. खाडीकाठच्या गावातला हा म्हातारा माणूस. त्यांची बायको शालू वारली त्याला दहा महिने झाले होते. तरुणपणी दोघांनी मिठागरात काम केलं होतं. त्यांच्याजवळ तिचा एकच जुना फोटो होता. डोक्यावर मिठाची टोपली, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. तशी वीतभर शालू त्यांना हवी होती. देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक होते, त्यांच्याशेजारी वर्षश्राद्धाच्या दिवशी ती ठेवायची होती.

दिपेश कॉम्प्युटरवर तिला घडवायला लागला. नाथाबाबा पंधरा दिवस त्याच्या शेजारी बसले.

"नाक येवढं मोठं नव्हतं रे तिचं."

"बाबा, फोटोत आहे तसंच काढलंय."

"मंग फोटोवाल्याला इचार. मी चाळीस वरसं बगलंय."

दिपेशने नाक लहान केलं. पण भोकांवरून गाडं अडलं. मित्रांनो, वीतभर माणूस भरीव केला तर जड होतो. दिपेशने तसंही करून पाहिलं. मोठ्या यंत्रात दोनदा शालू वजनाने निसटून तळाशी पडली. म्हणून ती पोकळ करायची होती. पोकळ करताना आत ओला रस अडकतो. तो बाहेर यायला भोक ठेवावंच लागतं.

"भोक पाडलेली बाई देव्हाऱ्यात?" नाथाबाबा उठून उभे राहिले. "खंडित झाली ती. जमत नसंल तर नाय म्हण."

"जमेल, बाबा," दिपेश म्हणाला.

तो एवढंच बोलला. मोठं यंत्र बिल्डरच्या कामाला लागलं, म्हणून त्याने माझ्यावरची चादर काढली. फाईलमधली भोकं त्याने पुसून टाकली. मी नऊ तास शालूला थराथराने वर काढत होतो. शेवटची फट बंद झाली तेव्हा तिच्या पोटात ओला रस तसाच राहिला. मला कळत होतं की तो आतून दाब देणार आणि कुठेतरी फोडणार. पण मला तोंड नाही. माझ्या पडद्यावर 'शंभर टक्के' अशी अक्षरं आली. मला तेवढंच बोलता येतं.

नाथाबाबा तिला उराशी धरून घेऊन गेले.

पुढचे पाच आठवडे मला चैन नव्हतं. दिपेशलाही नसावं. तो फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. गाळ्याच्या दारात कुणी म्हातारा दिसला की त्याचे हात थांबायचे.

वर्षश्राद्धाला चार दिवस उरले होते. दुपारी नाथाबाबा आले. त्यांनी पंचा उलगडून शालूला टेबलावर उभं केलं.

"हिला घाम येतोय रे. रोज पुसतोय मी, तरी येतोय."

तिच्या उजव्या टाचेला केसाएवढी भेग पडली होती. भेगेतून एक थेंब आला होता. नाथाबाबांची बोटं लाल झाली होती, सालं निघाली होती. ओला रस उघड्या हाताला चावतो, मित्रांनो.

दिपेशने त्यांना आधी नळापाशी नेलं आणि साबणाने त्यांचे हात धुतले. धुता धुताच त्याने सगळं सांगितलं.

नाथाबाबांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "म्हंजे तिच्या पोटात कोंडून ठेवलंस, आन् मना बोलला नाय?"

"तुम्हीच नको म्हणालात ना, बाबा."

"मी आडाणी मानूस. तू तर शिकलेला ना रे?"

दिपेशने मान खाली घातली. "नवीन करून देतो. चार दिवसांत होईल. पण भोकं ठेवावी लागतील. तळव्यांना. एकातून रस निघतो, दुसऱ्यातून हवा आत जाते."

"दोनी पायांना?"

"हो."

नाथाबाबांनी पंच्यानेच शालूला उचलून आडवं केलं. तिचे तळवे मी अगदी गुळगुळीत केले होते. ते त्यांच्याकडे बघत राहिले.

"मिठाचं पानी पाय खातं," ते म्हणाले. "ज्वारीचा दाना जाईल येवढी भोकं होती तिच्या तळव्यांना. सांजंला मी खोबरेल भरायचो त्यात. फोटोत पाय पान्यात, म्हनून तुला दिसलं नाय. आन् मी नाकावर भांडत बसलो."

त्यांनी शालूला दिपेशपुढे सरकवलं.

"नवीन नको. हिलाच भोकं पाड. टाच तर तिची फुटकीच होती."

दिपेशने हातमोजे घातले आणि बारीक ड्रिल घेतलं. मी कोपऱ्यातून बघत होतो. भेग घोट्यापर्यंत गेली असती तर पाय सुटला असता. नाथाबाबा स्टुलावर बसून, हात मांडीखाली दाबून, सारखं विचारत होते, "झालं काय रे?" पहिलं भोक पडलं. दुसरं पडलं. राखाडी रस वाटीत उतरला. दिपेशने आतून स्पिरिटने धुतलं, वाळू दिलं आणि उरलासुरला रस कडक व्हावा म्हणून भोकातून निळ्या दिव्याचा उजेड आत सोडला. भेग होती तिथेच थांबली.

"हां," तिला हातात घेऊन नाथाबाबा म्हणाले. "आता तिचे पाय झाले."

आता माझ्या पडद्यावर तीन काळ्या रेघा आहेत. पुन्हा चादरीखाली जायची वेळ जवळ आली आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याकडे काम द्याल तेव्हा हातमोजे घाला आणि माझी काच पुसत जा. पोकळ माणूस घडवाल तर त्याच्या आतलं बाहेर यायला वाट ठेवा. समोरच्याला राग येईल म्हणून ते सांगायचं टाळू नका. आणि नाथाबाबांच्या देव्हाऱ्यातली बाई उचलून कुणी तिच्या तळव्यांना नाक मुरडलं, तर त्याला एवढंच सांगा, की ती मिठात उभी होती.