कोरड्या विहिरींची सरासरी

"मास्तर, बाहेर या. पोरांसमोर बोलायचं नाही मला, म्हणून बाहेर या म्हणतेय."

शाळेच्या फाटकात माझ्या वर्गातल्या टिटवीची आई उभी होती. विटा थापून हात कोपरापर्यंत राखाडी झालेले, काखेत प्लास्टिकची घागर, आणि घागर कोरडी. मी खडू हातात तसाच धरून बाहेर गेलो. खरं तर मी मास्तर नव्हेच. आयुष्यभर वाचनालयात फाटकी पुस्तकं चिकटवली. शाळेला गणिताचा मास्तर मिळेना, तेव्हा हेडमास्तर, म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, मला म्हणाला, "मामा, पुस्तकांना वाळवी लागते का हे बघत दिवसभर बसता, त्यापेक्षा पोरांना तेवढी सांख्यिकी शिकवा." त्याच्याच घरी राहतो, त्याच्याच चुलीवरचं खातो. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

"आमचा टँकर बंद झाला," ती म्हणाली. "ड्रायव्हर म्हणतो, गावात पाणी भरपूर आहे, शाळेच्या पोरांनीच मोजलंय. कुठं आहे ते पाणी? दाखवा मला, आत्ता घागर बुडवते."

"बाई, ती सरासरी आहे..."

"सरासरी पिऊन पोरांची तहान भागते का, मास्तर?"

उत्तरं मला नेहमी घरी पोचल्यावर सुचतात.

आमचं गाव उतारावर आहे. खाली काळी जमीन, खोल विहिरी, त्यांवर पंप. वर नुसता मुरूम. कुदळ मारली तर ठिणगी निघेल, ओल निघायची नाही. वरच्या वस्तीतली माणसं विटांच्या भट्टीवर जातात, आणि उन्हाळाभर पाणीखात्याच्या टँकरवर जगतात. पोरांना आकडेवारी पुस्तकातून शिकवण्यापेक्षा विहिरीवरून शिकवावी, असं माझ्या मनात आलं. एका दोरीला हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दोरी आत सोडायची, वर काढायची, भिजलेल्या गाठी मोजायच्या. पोरं इतकी हरखली की मधली सुट्टी विसरली. वरच्या विहिरींत दगड तळावर खणकन वाजायचा आणि दोरी कोरडीच यायची. पोरांनी विचारलं, "आजोबा, इथं काय लिहू?" मी म्हणालो, मोजलं नाही ते मनानं लिहू नये. पोरांनी आडवी रेघ मारली. बेरीज केली, भागाकार केला. भागताना रेघांना कुणी धरलं नाही. सरासरी आली विहिरीमागं पाच हात पाणी. निळ्या दांड्यांचा सुरेख तक्ता झाला. शाळेच्या प्रदर्शनाला पाणीखात्याचे साहेब आले होते. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि तक्त्याचा फोटो काढून नेला.

टिटवीची आई गेली आणि मी वर्गात आलो, तर टिटवी तक्त्यासमोर उभी. आवाज बारीक आणि प्रश्न संपत नाहीत म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत.

"आजोबा, आमच्या विहिरीपुढं रेघ का आहे?"

"दोरी कोरडी आली होती ना. मोजायला काही नव्हतं."

"घागर रिकामी असली तर घागरच नाही म्हणतात का?"

पंपवाल्यांचा एक पोरगा मागच्या बाकावरून म्हणाला, "मग काय लिहायचं, तुझं डोकं?"

"शून्य लिहायचं. तुझ्या मागच्या परीक्षेत लिहिलं होतं तसं."

वर्ग हसला. मी मात्र खुर्चीत बसलो. कोरडी विहीरसुद्धा मोजलेलीच होती, चांगली तळापर्यंत मोजलेली. इतकं साधं मला सुचू नये? एवढी पुस्तकं वाचली, ती काय नुसती चिकटवण्यासाठी? आम्ही सगळं पुन्हा मांडलं. सरासरी दोन हातांवर आली. नव्या तक्त्यात खालच्या विहिरींच्या दांड्या पहिल्याइतक्याच उंच राहिल्या, आणि वरच्या विहिरींच्या नावांवर नुसता पांढरा कागद.

भाच्यानं तो तक्ता बघितला आणि चष्मा काढला. "मामा, या तक्त्यानं शाळेचं नाव झालं. आता आपणच जाऊन सांगायचं की चुकला? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"पण चुकलाच आहे."

"मग तुम्ही जा. शाळेचं नाव घेऊ नका."

मी, टिटवी आणि तिची आई बसनं गेलो. तिच्या आईचा भट्टीवरचा खाडा झाला. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. साहेबांसमोर बसलो आणि एकही ओठांवर येईना. टिटवीनंच टेबलावर तक्ता पसरला. शिपायानं तीन ग्लास पाणी आणून ठेवलं. तिच्या आईनं आपला ग्लास तोंडाला लावला नाही.

साहेबांनी तक्ता नीट बघितला. "छान काढलाय. पण ही शून्यं धरता येत नाहीत. दोन उन्हाळे कोरडी गेलेली विहीर आम्ही विहिरींतून काढून टाकतो. ती मग विहीर राहत नाही, खड्डा होतो."

"खड्डा?" टिटवीची आई म्हणाली. "साहेब, माझ्या सासऱ्यांनी तो खणला तेव्हा तुमच्याच माणसानं येऊन कठड्यावर विहिरीचा नंबर रंगवला होता."

"तेव्हा पाणी होतं, बाई."

"आता नाही म्हणून तर आलोय."

साहेब कसनुसं हसले. माणूस वाईट नव्हता. "तुमचं मला कळतंय हो. पण जी विहीरच नाही ती कोरडी आहे असं मी वर कसं कळवू?"

मला कसंबसं तोंड फुटलं. "साहेब, माणसं तर तिथंच आहेत."

"माणसांचं खातं वेगळं. वरच्या मजल्यावर जा."

वरच्या मजल्यावर कुलूप होतं.

परतताना बसच्या खिडकीतून धूळ आत येत होती. टिटवीच्या आईनं पदरानं पोरीचं तोंड झाकलं. मग म्हणाली, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आमची आई म्हणायची. यांनी आडच काढून टाकला. आता पोहऱ्याची कटकटच नाही."

वरची वस्ती मग खाली पाण्याला येऊ लागली. पंपवाल्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त पंप चालू असताना विहिरीवर गर्दी नको म्हणाले. पंप बंद पडायचे वीज गेल्यावर, आणि वीज जायची ती नेमकी शाळेच्या वेळात. आया भट्टीवर, तेव्हा पाण्याला पोरांनीच जायचं. वर्गातले मागचे बाक रिकामे झाले. टिटवीही यायची थांबली.

एकदा शाळेतून लवकर निघालो तर ती चढावर भेटली. डोक्यावर घागर, हाताला धाकटा भाऊ. मातीला भेगा अशा पडल्या होत्या की पोराचा पाय अडकत होता.

"आजोबा, आज काय शिकवलं?"

"मध्यक."

"ते काय असतं?"

"सगळ्यांना उंचीप्रमाणं ओळीत उभं करायचं. बरोबर मधला जो येतो तो धरायचा."

"आणि अगदी कडेला उभा असतो तो?"

"तो ओळीत असतो," मी म्हणालो. "पण तो आणखी बुटका असला तरी उत्तरात काही फरक पडत नाही."

तिनं मान हलवायचा प्रयत्न केला. घागरीमुळं हलवता आली नाही. मी म्हणालो, "दे, थोडं मी घेतो." ती म्हणाली, "राहू द्या आजोबा, सांडाल तुम्ही." मी वाट सोडून कडेला झालो.

महिना संपताना भाचा वर्गात आला. तपासणीला अधिकारी येणार होते. "मामा, हजेरीचा तक्ता काढून घ्या पोरांकडून. निळ्या दांड्यांचाच काढा, तो उठून दिसतो. आणि जी पोरं मी पटावरून कमी केलीत ती धरू नका."

"कमी कधी केलीस?"

"येत नाहीत, तर ठेवून काय करू? पटावर नाही तो शाळेचा विद्यार्थी नाही. पोरांसमोर वाद नको, मामा. जेवायला लवकर या, आज पाहुणे आहेत."

तो गेला. मी फळ्यासमोर उभा राहिलो. मनातल्या मनात बोलायची सवय मोडून त्या दिवशी मी मोठ्यानं बोललो. म्हणालो, "वरच्या वस्तीची सगळी पोरं धरायची. टिटवीलासुद्धा. त्यांच्यापुढं शून्य मांडायचं."

मग टिटवीच्या बाकावर बसणारी मुलगी उठली. दोघी एका डब्यात जेवायच्या. ती म्हणाली, "आजोबा, तिला धरलं तर आपला वर्ग खाली जाईल."

"जाऊ दे की."

"पण आम्ही रोज येतो," ती म्हणाली. "आमची दांडी का खाली जायची?"

मागून कुणी तरी म्हणालं, मत घेऊ या. मत घ्यायलाही मीच शिकवलं होतं. हात वर झाले. मी मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती. मी नुसताच खडू धरून उभा राहिलो आणि पोरं माना खाली घालून कामाला लागली. पट्टी धरून, जीभ बाहेर काढून, एकमेकांचा भागाकार तपासत. एकाचंही उत्तर चुकलं नाही. निळी दांडी चढत चढत कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली, आणि टिटवीची मैत्रीण तक्ता माझ्यापुढं धरून म्हणाली, "आजोबा, बरोबर आहे ना? सही करा."