ठकी डोळा मारते

“डोळ्याचं कोणाजवळ बोलू नकोस, पोरा. गिऱ्हाईक पैसे नंतर देतं, आधी गळा देतं.”

न्हाव्याचा बाप जाऊन वर्षं लोटली, तरी हा आवाज त्याच्या सलूनमध्ये अजून वस्तीला होता. वस्तऱ्याला धार लावताना तर हमखास ऐकू यायचा. लहानपणी त्याला एकाचे दोन दिसू लागले, तेव्हा बापानं दुकानाचं दार लोटून घेऊन हे बजावलं होतं. आजही डोळे थकले की खुर्चीत दोन गिऱ्हाइकं बसायची. मग तो एक डोळा मिटायचा, खरं कोण ते पक्कं करायचा आणि हात चालवायचा. लोक म्हणायचे, काय मन लावून काम करतो!

ते दुखणं त्याच्या लेकीला आलं. ठकीला.

ठकी तिसरीत. दमली की तिचा डावा डोळा हळूच बाहेर सरकायचा, कळप सोडून जाणाऱ्या वासरासारखा. वाचताना ओळी गळायच्या. झेलायला गेलेला चेंडू नाकावर बसायचा, आणि कोणी हसलं की ती चावायला धावायची. तेवढं चालून गेलं असतं. पण फळ्यावरचं वाचायला ती एक डोळा मिटून घ्यायची, आणि मध्ये जो कोणी उभा असेल त्याला वाटायचं, ही आपल्याला डोळा मारते.

“एवढीशी कार्टी, आणि नखरे बघा!” वर्गाच्या बाई म्हणाल्या. झालं. मोठ्या वर्गातली पोरं तिला बघून शिट्ट्या वाजवू लागली. आईनं पाठ सुजवली.

एकदा तिचे केस कापत असताना ती म्हणाली होती, “बाबा, तुम्हाला पण दोन बाई होत्या? मी डोळा मिटला ना, की एकच ओरडते.”

त्याची कात्री थांबली. हिला आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं, असं त्याला आतून वाटलं. पण डॉक्टर विचारणार, घरात आणखी कोणाला आहे? आणि गल्लीला कान असतात. त्यानं तिच्या मानेवरचे केस फुंकले.

“हे कोणाला सांगायचं नाही हं. आईलाही नाही. आपल्या दोघांतच.”

पोर गुणाची निघाली. मार खाल्ला, बोल खाल्ले, शब्द मोडला नाही.

ती तान्ही असताना बायको तिला मांडीवर घेऊन गायची:

लेकीचे गं डोळे, पाण्यातले दिवे
वारा आला तरी, एकामेकांसवे

आता गाणं नव्हतं. ठकीचे कपडे पिशवीत भरून झाले होते.

कारण हेडसरांनी निरोप धाडला होता, आणि रविवारी दाढीला आल्यावर तोंडभर फेस घेऊन तेच पुन्हा सांगितलं. “पोरीचं नाव शाळेतून काढावंच लागेल. पालक तक्रारी करतात. लांबच्या मावशीकडे ठेवताय ना? बरं होईल. तिथे धाक असतो.”

“सर, गाल सांभाळा,” बाकावरून एकजण म्हणाला. “पोरीनं डोळा मारला तर वस्तरा घसरायचा!”

बाक खदखदून हसला. उंबऱ्यात बसून ठकी टॉवेलच्या घड्या घालत होती. कडेला कड जुळत नव्हती. ती पुन्हा उलगडत होती.

“इकडे ये गं,” हेडसर म्हणाले. “बापासमोर सांग. का मारतेस डोळा?”

ठकी खुर्चीजवळ आली. आरशात तिनं बापाकडे पाहिलं. सांगू? असं विचारणारी ती नजर. त्यानं मान खाली घातली आणि वस्तरा पुसला.

“काही नाही,” ठकी म्हणाली. “मला आवडतं.”

गरम पाण्याचं भांडं घेऊन बायको आतून येत होती. भांडं आदळून तिनं सर्वांसमक्ष पोरीच्या थोबाडीत दिली. “ऐकलंत? आवडतं म्हणे! जा बाई तू मावशीकडे. माझी मेलीची मान वर होऊ दे.”

ठकी रडली नाही. गाल धरून उभी राहिली, आणि डावा डोळा सरकत सरकत पार भिंतीकडे गेला. आई हेडसरांकडे बघत होती, हेडसर आरशात स्वतःकडे. तो डोळा पाहिला एकट्या बापानं.

हेडसरांनी मान मागे टाकली. “चला, उरका.”

त्यानं वस्तरा उचलला. हात हवेतच राहिला.

“उरकतो सर. पण हलू नका. मला आत्ता तुमचे दोन गळे दिसताहेत.”

बाकावर कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं.

“खरा कुठला ते कळायला मी डोळा मिटतो. लहानपणापासून. पोरगीही तेवढ्यासाठीच मिटते. ती सांगणार होती. मीच तिला गप्प बसवलं.”