बारा वाजेपर्यंत

सकाळी उठल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षं झाली या व्रताला. पण हे निवृत्त झाले आणि माझ्या मौनाचा कुणीतरी फायदा घेतंय, असं मला वाटायला लागलं. बरोबर नऊला हे बाहेर पडायचे. "जरा पाय मोकळे करून येतो," हेसुद्धा उंबऱ्यापलीकडून. मी हातानंच "कुठे?" विचारलं, की आभाळाकडे बघायचे. परत यायचे ते साडेबाराला, भुकेले. मग जेवण, मग झोप.

पुढे सदऱ्याला वास यायला लागला, आमच्या घरात नसलेल्या तेलाचा. डाव्या अंगठ्याला पट्टी दिसली.

"काय लागलं हो?"

"फाटक."

आठवड्यानं तर्जनीला पट्टी.

"पुन्हा फाटक?"

"तेच ते मेलं."

त्यात नणंदबाई आल्या. "वहिनी, बोळाच्या टोकाला ती एकटी बाई राहते ना, तिच्या दारात दादाच्या चपला बघितल्या मी. तुम्ही बसा मौन धरून, मांजर दूध पिऊन जाईल!"

दुसऱ्या दिवशी जपाला बसले. बोट मणी ओढत होतं, मन मात्र त्या चपलांपाशी. शेवटी माळ ठेवली आणि निघाले.

चपला ह्यांच्याच होत्या. डावीचा अंगठा मीच दोऱ्यानं शिवलेला. आतून बाईचा आवाज आला, "मग काल घरी काय सांगितलंत?"

"फाटक!" आणि दोघंही हसली.

मी दार ढकललं.

खोलीभर लाकडाच्या ढलप्या. पांढऱ्या केसांची सुतारीण चष्मा कपाळावर चढवून एका फळीला तेल चोळत होती. तोच वास. आणि हे खाली मांडी घालून बसलेले, पायांच्या बेचक्यात ठोकळा, हातात पटाशी. ठोकळ्यातून वाटीसारखं काहीतरी वर येत होतं.

"अगं!"

मी तोंड उघडलं. अकरा वर्षं ओठांवर आली.

"थांब." ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "बाराला पाच कमी आहेत. माझ्यापायी मोडू नकोस."

मी ढलप्यांवरच बसले. हे पुन्हा कोरायला लागले, खालमानेनं बोलत.

"कचेरी सुटली, पण डोक्यातली गलबल सुटेना. तू रोज गप्प बसून कुठे जातेस, ते मला कधी कळलं नव्हतं. इथे कळलं. सांगायची लाज वाटली गं. साधी वाटी जमत नाही अजून. दोन फुटल्या."

संशय काही एका वाक्यानं मरत नाही. मी त्या बाईकडे टक लावून बघितलं. ती फक्त वाटीचा काठ बघत होती. मग ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. पटाशी सरकत होती, लाकडाचा पातळ पापुद्रा वळून खाली पडत होता, आणि कपाळावर एकही आठी नव्हती. महिनाभर माझं तोंड बंद होतं, पण आत बाजार भरला होता. मौन त्या खोलीत होतं.

बारा वाजले. साठवलेले प्रश्न दाटीवाटीनं उभे होते. मी म्हटलं, "अहो, डावा हात पटाशीच्या पुढे धरता, म्हणून बोटं कापतात. मागे घ्या तो."

"तेच मी महिनाभर सांगतेय!" सुतारीण म्हणाली. "माझं ऐकतंय कोण?"

"घरीसुद्धा तीच गत आहे," मी म्हटलं.

ह्यांनी मुकाट्यानं हात मागे घेतला.