माझ्या नाकाखालच्या सात उदबत्त्या

मी हवा हुंगणारा डबा बोलतोय. हुंगणं हाच माझा धंदा, त्यामुळे नाकाचा थोडा गर्व आहेच.

माझा जन्म २००९ सालचा, हडपसरच्या एका आयटी पार्कातला. जमिनीखालचा कोळशाचा थर पाण्याच्या दाबाने फोडून गॅस काढतात, त्या विहिरींजवळ उभं राहायचं आणि गॅस निसटतोय का, धूर-धूळ वाढतेय का ते सांगायचं, यासाठी मला घडवलं. पण आधी तिथल्याच गच्चीवर आठ दिवसांची परीक्षा होती. पास झालो तर मी विहिरीवर जाणार आणि मला जोडणारा संपत नोकरीत कायम होणार. नापास झालो तर दोघंही घरी.

संपतचं घर पार्काच्या भिंतीला लागून. पार्क आहे तिथे पूर्वी त्यांचा ऊस होता.

पाचव्या दिवशी खंडेनवमी आली, अवजारं पुजायचा दिवस. संपतची आई बायडाबाई ताट घेऊन थेट गच्चीवर. वॉचमनने अडवलं तर म्हणाली, "ल्येकाची नोकरी याच्या जिवावर हाय. याला नको पुजू तर काय तुला पुजू?"

हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. इथवर मी सुखावलो होतो. मग तिने सात उदबत्त्या नेमक्या माझ्या नाकाखाली खोचल्या आणि कापूर पेटवला. माझा आकडा असा चढला की खाली ऑफिसातल्या स्क्रीनवर डोंगरच उभा राहिला.

"संपत, वर होळी पेटवलीये का?" त्याच्या साहेब तेजस्विनी मॅडमनी विचारलं.

संपत धावत वर आला. आरती चालू होती. आरती थांबवायची हिंमत त्याला होईना. ती संपेपर्यंत हात जोडून उभा राहिला, पेढाही खाल्ला. मला त्याची फार दया आली.

"तेवढा भाग डिलीट कर," मॅडम म्हणाल्या. "क्लायंटला काय कळतंय?"

संपत बराच वेळ नोंदवही पुढ्यात घेऊन बसला. शेवटी लिहिलं, 'सकाळी ९.१० ते ९.३५. आईने पूजा केली. उदबत्त्या सात, कापूर दोन वड्या. यंत्र ठीक.' मी मनात म्हटलं, गेली नोकरी.

आठव्या दिवशी गॅस कंपनीच्या सुरक्षा विभागाचे गोपाळकृष्ण आले. त्यांनी वही वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"सातच?"

"हो सर. आई मोजून लावते."

"आकडा वाढला की आमच्याकडे सगळे म्हणतात, यंत्र बिघडलं. तुम्ही आईचं नाव लिहिलंत." एवढं बोलून त्यांनी मी पास झाल्याच्या कागदावर सही केली.

आता मी पुण्यापासून लांब, एका विहिरीशेजारी उभा आहे आणि माझी देखभाल करायला संपतही इथेच असतो. माझी पूजा जरूर करा, फक्त दहा हातांवरून करा, एवढीच विनंती.

परवा दुपारी इथे गॅस निसटला आणि मी लगेच आकडा चढवला. इथले सुपरवायझर संपतला बाजूला घेऊन म्हणाले, यंत्र उगाच जास्त दाखवतंय, तेवढं पुसून टाका.

संपतने वही उघडली. "साहेब, मी आईचं पुसलं नाही. तुमचं कसं पुसू?"