बॉनेटवरची बोटं

दौलत बायकोपेक्षा पत्र्याशी जास्त बोलतो, असं लालबागच्या त्या चाळीतल्या बायकांचं मत होतं, आणि नळावर ठरलेलं मत सहसा चुकत नाही. दौलत चिंचपोकळीच्या एका मोटार गॅरेजात रंगारी होता. गेल्या वैशाखात त्याचं लग्न झालं, तेही नव्या पद्धतीनं: बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं, पांढऱ्या साडीतल्या नवरीशी. त्या नवरीचं नाव रखमा. कऱ्हाडकडच्या खेड्यातून ती एकदम गिरणगावात आली, आणि नवरा, सासू रमाबाई आणि एक खोली, एवढ्यात तिचा संसार सुरू झाला. नवरा तिच्याशी वाईट वागत नव्हता. तो वागतच नव्हता म्हणा ना. तो बिचारा लाजाळू होता, पण हे तिला कोण सांगणार?

त्याचं सगळं बोलणं एका मोटारीशी चाले. ही मोटार हातभर लांबीची होती.

झालं होतं असं. गॅरेजातला त्याचा जोडीदार बाबुराव हा मालवणकडचा डेंटर, म्हणजे ठोकर खाल्लेल्या गाड्यांचे पोचे काढणारा कारागीर. एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या मागच्या सीटवर दोघांना अमेरिकेचं जुनं मासिक सापडलं. आत नुसत्या मोटारी. तिकडची तरुण पोरं म्हणे भंगारातली जुनी फोर्ड उचलतात, तिचं छप्पर कापतात, पुढची चाकं बारीक आणि मागची थोराड लावतात, इंजिन उघडंच ठेवतात आणि वर झगझगीत रंग देतात. गॅरेजच्या कारकुनानं वाचून सांगितलं, याला ‘हॉट रॉड’ म्हणतात. तापलेल्या सळईचा आणि मोटारीचा संबंध काय, हे कारकुनालाही सांगता येईना. पण दौलत त्या चित्रांवरून डोळे काढीना. शेठची गाडी कापायची तर सोय नव्हती. मग बाबुराव म्हणाला, आपण आपली करू.

गॅरेजच्या मागं एक जुनी फोर्ड गंजत पडली होती. बाबुरावानं तिला सुतळीनं मोजलं आणि फुटाला एक इंच असा हिशेब धरला. रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून त्यानं अंग केलं, कथलानं सांधे झाळले. पुढं दौलतनं सगळं बदलायला घेतलं. तीनदा छप्पर बसवलं आणि तीनदा उतरवलं. चाकं गिरणीतल्या मोडक्या बॉबिनांची, त्यांवर जुन्या चपलेचं रबर. धुराच्या नळ्या छत्रीच्या काड्यांच्या, पुढची जाळी केसांच्या फणीची. इंजिनाच्या जागी तर बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाचं पोटच काढून बसवलं होतं. कामावरून आला की तो फळीवरून मोटार काढायचा आणि पॉलिशपेपर घेऊन बसायचा. “जरा थांब गं, इथं अजून खडबड आहे,” असं तो तिला म्हणायचा. मोटारीला. रखमा भाकरी थापता थापता ऐकायची. सवत असावी तर अशी, निदान खायला तरी मागत नाही, असं ती मनात म्हणायची आणि स्वतःशीच हसायची.

परळच्या कामगार कल्याण केंद्रात हस्तकलेचं प्रदर्शन भरायचं होतं, दसऱ्यानंतरच्या रविवारी. मोटार तिथं मांडायची ठरली. मध्ये कामं थोडी होती का? संयुक्त महाराष्ट्र समितीचे फलक रंगवायला दोघंच पुढं. ‘मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही अक्षरं दौलतनं त्या वर्षी इतक्या भिंतींवर काढली की झोपेतसुद्धा त्याचं बोट हवेत ‘झा’ काढत असेल. तरीही दसऱ्याच्या सकाळी त्यानं मोटारीला टॅक्सीच्या काळ्या रंगाचा शेवटचा हात दिला. आरशात तोंड पाहावं तशी ती चकाकली. मग तो रखमाकडं वळला आणि म्हणाला, उद्यापर्यंत हिला हात लावू नकोस. त्या दिवसातलं त्याचं तिच्याशी हे एवढंच बोलणं.

तो दसरा त्यांच्या घरी वेगळा होता. मागच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली होती, तिचं पहिलं वर्ष. नायगावच्या मैदानात सभा होती. दौलत आईला घेऊन पुढं गेला. रखमा पाणी भरून, शेजारणींबरोबर मागून जाणार होती. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात दौलतनं तिला सांगितलं होतं की आता या घरात कुणी दगडापुढं हात जोडायचे नाहीत. तिनं मनापासून मान हलवली होती. त्या देवांनी तिच्या माणसांना देवळाच्या पायरीवर तरी कधी उभं केलं होतं? त्यांच्याबद्दल तिच्या मनात काडीची ओढ नव्हती. आपल्या नवऱ्याला आपण गावंढळ वाटू नये, त्याच्या बरोबरीनं चालणारी वाटावी, एवढी एकच ओढ तिला होती.

पण दसरा तो दसराच. गल्लीत ताशे वाजत होते. गिरण्यांतले कापड विणायचे साचे झेंडूनं सजले होते आणि ते पाहायला बायकापोरं नटून निघाली होती. कोपऱ्यावरच्या प्रत्येक ट्रकच्या, टॅक्सीच्या कपाळावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती. ती पाहिली आणि रखमाला बाप आठवला.

तिचा बाप दगडू लॉरीवर क्लीनर होता. दर दसऱ्याला तिची आई लॉरीच्या नाकाडावर हळदकुंकवाची बोटं ओढायची. एका दसऱ्याला आई बाळंतिणीच्या खोलीत होती, ते राहून गेलं. त्याच थंडीत दगडू लॉरीखाली गेला असताना जॅक निसटला. रखमाची आई जन्मभर एकच गोष्ट बोलत राहिली, की बोटं ओढायची राहिली होती. ते खरं नाही हे रखमाला कळत होतं. जॅक जुना होता, एवढंच. पण दौलतसुद्धा चॅसिसला रंग द्यायला गाडीखाली गोणपाटावर उताणा पडतो, हेही तिला ठाऊक होतं. आज गॅरेजात सगळ्या गाड्यांची पूजा होईल, मालकांच्या नावानं. खाली पडणाऱ्यासाठी कोण काय मागणार? आणि त्याच्या हातची, तिच्या हाताला लागेल अशी मोटार एकच होती.

तिनं वाटीत हळद कालवली. नुसतं टेकवायचं, रंगाला धक्का लागू द्यायचा नाही, असं ठरवून तिनं बॉनेटवर एका बाजूला चार बोटं ठेवली. काळा रंग वरून वाळल्यासारखा दिसत होता, आत ओलाच होता. बोटं चिकटली. घाबरून तिनं हात मागं ओढला, तर नाकापासून काचेपर्यंत चार पिवळ्या रेघा नागमोडी फरफटत गेल्या. आता निम्मं सोडावं तर तेही अपशकुनी, म्हणून तिनं वर कुंकूही लावलं. मग पुसायला पदर घेतला. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय. पदर फिरला तशी रेघांना टोकं फुटली, लाल पिवळ्यात मिसळलं, पदर काळा झाला. ती तिथंच भिंतीला टेकून बसली. शेजारणींनी हाका मारल्या, तेव्हा डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मोटार बिघडली याचं तिला वाईट वाटत होतंच, पण खरी धास्ती वेगळी होती. ही चार बोटं पाहून तो म्हणेल, हिची मान नुसतीच हलली होती.

संध्याकाळी दौलत आला. रमाबाई खालीच बायकांत बोलत थांबल्या होत्या. बरोबर बाबुराव होता. त्याला सोनं द्यायचं होतं आणि मोटारही बघायची होती. त्यानं आपट्याची पानं दिली, फळीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. वयनींनी पूजा केली हे फार बरं झालं, असं म्हणून त्यानं भाबडेपणानं मोटारीला हात जोडले. रखमाला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

दौलत पुढं झाला. त्यानं मोटार खाली घेतली, उजेडात धरली.

“देव नव्हता मनात,” रखमा खालमानेनं म्हणाली. “माझा बाप गाडीखाली गेला. तुम्ही रोज जाता.”

बाबुरावाच्या आता ध्यानात आलं की आपण नको तिथं हात जोडले. तो सावरायला गेला आणि आणखी एक सांगून बसला. म्हणाला, तिच्यावर डोळे वटारू नको, तूसुद्धा गाडीखाली शिरताना मडगार्डाला हात लावून कपाळाला लावतोस. काल लावलास. मी रोज बघतो.

दौलतचे कान लाल झाले. आपण असं करतो हे त्याच्या स्वतःच्याच गावी नव्हतं. त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, जणू कुणाचा तरी दुसऱ्याचाच होता.

“मनानं दीक्षा घेतली,” तो हळू म्हणाला. “हाताला वेळ लागतोय.” मग त्यानं विचारलं, “काय मागितलंस?”

“तुम्ही घरी यावं.”

“मग ते मोटारीला कशाला सांगायचं? मला सांग की.”

सांगायचं तर होतं, पण बाबुराव समोर उभा. रखमानं नुसता पदर सावरला. दौलत पुन्हा बॉनेटकडं वळला, आणि या वेळी पाहतच राहिला. त्या मासिकात एका गाडीच्या नाकावर आगीच्या ज्वाळा रंगवल्या होत्या. त्यानं तशा ज्वाळा पत्र्याच्या तुकड्यांवर कितीदा काढून पाहिल्या होत्या. दर वेळी केळीची पानं व्हायची. शेवटी नाद सोडून त्यानं साधा काळा रंग दिला होता. आणि इथं चार ज्वाळा होत्या, वाऱ्यानं मागं पडलेल्या, टोकाशी लाल.

“अरे मेल्या, बघतंस काय?” बाबुराव म्हणाला. “रंग काढ.”

फलकांसाठी आणलेला तांबडा डब्यात उरला होता आणि टॅक्सीच्या टपाचा पिवळा होताच. दौलतनं ज्वाळांच्या कडा बारीक कुंचल्यानं बांधल्या. मग मोटारीची दुसरी बाजू तिच्याकडं केली आणि पिवळ्या रंगाची बशी पुढं सरकवली. रखमा मागं सरली. आता पूजा नको, म्हणाली.

“पूजा नाही. एक बाजू राहिलीय. माझ्या हातानं ते होत नाही.”

तिनं डावा हात बुडवला. बोटं टेकली तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं, आणि कुठं वळायचं ते न सांगता नुसतं धरून ठेवलं. बाबुरावाला तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

रविवारी मोटारीभोवती गर्दी झाली. बक्षीस मात्र मिळालं नाही. ते सुताच्या रिळांनी केलेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या नकाशाला गेलं, आणि त्या वर्षी गिरणगावात त्याच्याविरुद्ध ब्र काढायची छाती कुणाची होती? दौलतनंच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. ज्वाळा कुणी काढल्या असं परीक्षकांनी विचारलं, तर त्यानं मागं उभ्या असलेल्या रखमाकडं बोट दाखवलं. तिनं पदर इतका पुढं ओढला की परीक्षकांना नुसता पदरच दिसला.

पण मनातलं बोलणं राहूनच गेलं होतं. रविवारची रात्र तशीच गेली. सोमवारी सकाळी दौलत डबा घेऊन निघाला. रमाबाई दारात तांदूळ निवडत होत्या, गॅलरीत शेजारणी होत्या, जिन्यावर बाबुराव थांबला होता. सगळ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची चाळीत रीत नव्हती. रखमानं उंबऱ्यात पाय ठेवला आणि हात चौकटीवर दाबून धरला.

“अहो,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. “गाडीखाली जाताना जॅक बघून जा. आणि संध्याकाळी घरी या.”

गॅलरीतल्या बायकांनी माना वळवल्या. रमाबाईंनी सुपावरून मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला. दौलत दोन पायऱ्या उतरला होता, तो परत वर आला, पार तिच्यासमोर. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

“येतो,” तो म्हणाला.