भेसळीची झाडं

बाळाजीभाऊंनी प्लॉट इतका स्वच्छ केला होता की माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सात ओळी. प्रत्येकीत नेहमीच्या गव्हाच्या मधोमध माझी चार-चार खुरटी झाडं होती. आता तिथे नुसता उंच, निरोगी गहू उभा होता.

ती खुरटी झाडं म्हणजे माझी पीएच.डी. त्यांच्या एका गुणसूत्राचं टोक तुटलेलं. पहिल्या ओळीत जरासं, पुढे वाढत वाढत सातवीत अर्धंअधिक. सगळ्यांवर मी मुद्दाम तांबेरा हा रोग सोडला होता. ज्या ओळीपासून पानं तांबडी होतील, त्या ओळीत जो जास्तीचा तुकडा तुटलाय त्यातच तांबेरा रोखणारं जनुक. इतकं सोपं. परदेशातून मूठभर बी यायला दोन वर्षं लागली आणि होतं तेवढं मी पेरून टाकलं. गहू वर्षातून एकदाच येतो, माझी मुदत जूनमध्ये संपते. कोणत्या ओळीपासून पानं तांबडी झाली, याची नोंद काल घ्यायची होती. काल मी शहरात, नेपियर टाउनला घरी बसून, प्लॉट बघायला येणाऱ्या पीएच.डी.च्या समितीसाठी स्लाइड्स रंगवत होते, मूर्खासारखी.

"भाऊ, झाडं कुठायत?"

"भेसळ होती ना ताई. उपटली."

पांढुर्ण्याकडचे बाळाजीभाऊ तीस वर्षं बियाण्याच्या शेतात भेसळ काढत आलेत. वेगळं दिसणारं झाड त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

"तुमीच तं म्हणलं, साहेब लोक येऊन राहिले, प्लॉट साफ पायजे."

म्हटलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"उपटून टाकली कुठे?"

"काहीवर तांबेरा होता, मंग सारीच जाळली. नाही तं पसरते ना."

बांधापलीकडे राख होती. मी तिच्यात हात घातले, एखादं तरी पान मिळेल म्हणून गुडघ्यांवर रांगले. काही नव्हतं. पाच वर्षांत एवढी लाचार मी कधी झाले नव्हते.

मग सुचलं, या माणसाने प्रत्येक झाड स्वतःच्या हाताने उपटलंय. मी वही उघडली.

"पहिल्या ओळीतली कशी होती, भाऊ?"

"हिरवी. साफ."

दुसरी, तिसरीही हिरवी. सहावी, सातवी तांबडी. "बोटाले रंग लागला," ते म्हणाले. कुठेही अडखळले नाहीत. मला देव भेटल्यासारखं झालं.

"आणि चौथी?"

"तांबडी."

"नक्की? पाचवीपासून नसेल ना सुरू झालं?"

"हो, पाचवीपासूनच असन."

"भाऊ, नीट आठवा. चौथी की पाचवी? सगळं त्यावर आहे."

त्यांनी माझे राखेचे हात पाहिले, मग चेहरा पाहिला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुमाले कोणती पायजे ते सांगा ना ताई. मी साहेबाले तसंच सांगतो."

पेनाने चारचा आकडा निम्मा काढून झाला होता. समितीत कोणी खोदून विचारणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तो आकडा खोडला. मग सहावी-सातवी खोडली, वरच्या तिन्ही खोडल्या, आणि तिथेच बांधावर बसून हमसून हमसून रडले.

"चौथीच होती, ताई," बाळाजीभाऊ शेजारी उकिडवे बसून म्हणत होते. "खरंच, चौथीच."